क्वांटम एस्प्रेसो : धातूवर बसलेल्या रेणूंचा अभ्यास नागपुरातील एका साध्या संगणकावर

नागपुरातील एका महाविद्यालयात मी एम.एस्सी.च्या वर्गांना घनावस्था भौतिकी शिकवते. गेली तीन वर्षे माझे विद्यार्थी प्रकल्पासाठी ‘क्वांटम एस्प्रेसो’ ही पदार्थांतील इलेक्ट्रॉनांचे गणित करणारी संगणकप्रणाली वापरत आहेत. प्रकल्पाचा विषय दरवर्षी थोडाफार बदलतो, पण गाभा तोच राहतो : चांदी किंवा सोन्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचा एक थर बसला की त्या रेणूंच्या आणि त्या धातूच्या इलेक्ट्रॉनांचे काय होते? ही प्रणाली घ्यावी का, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि तिच्या कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवू नये, हे विदर्भातील इतर महाविद्यालयांतील शिक्षक मला अधूनमधून विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

आधी विषयाचे महत्त्व सांगते, कारण ते लक्षात घेतल्याशिवाय प्रणालीची पारख करता येत नाही. आपल्या हातातील अनेक मोबाइलचे पडदे सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून प्रकाश देतात. अशा दोन थरांचे, कमी व्होल्टेजवर चालणारे उपकरण टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केले आणि तेथून हे क्षेत्र झपाट्याने वाढले. या उपकरणांत वीज धातूतून रेणूंत शिरते आणि ती किती सहज शिरेल हे दोहोंच्या सीमेवर ठरते. धातूची फर्मी पातळी, म्हणजे जिथपर्यंत त्याचे इलेक्ट्रॉन भरलेले असतात ती ऊर्जा, आणि रेणूची सर्वांत वरची भरलेली पातळी, म्हणजे होमो, यांच्यात जितके अंतर, तितका विजेच्या वाटेतला उंबरठा उंच. धातू आणि रेणू यांची सुटी मोजमापे घेऊन ती शेजारी शेजारी मांडली की हे अंतर मिळेल, असे बराच काळ गृहीत धरले जात असे. इशी, सुगियामा, इतो आणि सेकी यांनी 1999 मध्ये लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात अनेक रेणू-धातू जोड्यांची मोजमापे एकत्र आली आणि हे गृहीतक बहुतेक ठिकाणी मोडते हे स्पष्ट झाले. रेणू धातूला टेकताच सीमेवर विद्युत द्विध्रुवांचा, म्हणजे किंचित दूर सरलेल्या धन आणि ऋण भारांच्या जोड्यांचा, एक थर तयार होतो आणि सगळ्या पातळ्या त्याच्यासोबत वर किंवा खाली सरकतात.

हे प्रत्यक्ष मोजायचे असेल तर फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटाचे उपकरण लागते. हीलियमच्या दिव्यातील 21.22 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अतिनील प्रकाश नमुन्यावर टाकायचा आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. तत्त्व सोपे आहे. मात्र नमुना वातावरणाच्या दाबाच्या हजार अब्जाव्या भागापेक्षाही विरळ अशा निर्वातात ठेवावा लागतो, नाहीतर उरलेल्या हवेचेच रेणू धातूवर बसून आपला थर पाहण्याआधी तो झाकून टाकतात. असे उपकरण, त्याचे पंप आणि त्याची देखभाल हे साध्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांना या विषयात शिरायला संगणनाचेच दार उरते.

क्वांटम एस्प्रेसो हे दार फुकट उघडते. ही प्रणाली मुख्यतः इटलीतील त्रिएस्ते येथील संशोधकांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली कोणालाही मिळते, तिचा मूळ कोडही वाचता येतो. तिचे सविस्तर वर्णन करणारा शोधनिबंध 2009 मध्ये आणि त्याची पुढची आवृत्ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. उबुंटू असलेल्या संगणकावर ती एका आज्ञेत बसते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आमचा संगणक बर्डीवरच्या दुकानातून सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे, आठ कोर आणि 32 जीबी मेमरी, एवढेच.

प्रणालीच्या मुळाशी घनता-फलनाचा सिद्धांत आहे. होहेनबर्ग आणि कोन यांनी 1964 मध्ये दाखवले की पदार्थाच्या मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेतील सगळे गुणधर्म केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ठरतात, आणि पुढच्या वर्षी कोन आणि शॅम यांनी ती घनता काढण्याची वापरण्याजोगी रीत दिली. कोन यांना 1998 मध्ये या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘मूळ अवस्थेतील घनता’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. या परीक्षणातील माझी सगळी स्तुती आणि सगळी तक्रार याच शब्दांपाशी येऊन थांबते.

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी रेणू देत नाही. आधी नुसत्या चांदीच्या स्फटिकाची घनकोशिका, म्हणजे जो घन पुन्हा पुन्हा मांडून स्फटिक बनतो तो, काढायला लावते. घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या पीबीई या नेहमीच्या सूत्राने तिची बाजू सुमारे 4.15 अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) येते, तर प्रयोगात ती 4.09 आहे. दीड टक्क्याची ही चूक सर्वज्ञात आहे आणि ती डोळ्यांनी पाहिलेली बरी, म्हणजे पुढच्या प्रत्येक आकड्याकडे त्याच सावधपणाने पाहण्याची सवय लागते. त्यानंतर चांदीचे तीन-चार थर, वर पंधरा-वीस अँगस्ट्रॉम निर्वात, आणि वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा. ते आमच्याकडे 4.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते आणि मोजलेल्या मूल्यांपेक्षा थोडे कमीच राहते. हे सगळे एका आठवड्यात उरकते.

खरी परीक्षा बेंझीन ठेवल्यावर सुरू होते. पीबीई सूत्राला व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे न जोडलेल्या रेणूंमधली क्षीण ओढ, दिसत नाही. त्यामुळे नुसत्या त्या सूत्राने बेंझीनचा रेणू चांदीपासून दूर तरंगत राहतो आणि धरला आहे की नाही अशी शंका यावी इतकाच धरला जातो. इनपुट फाइलमध्ये ही ओढ जोडणारी ग्रिमे यांची डी-3 दुरुस्ती एका ओळीत चालू केली की तोच रेणू खाली उतरून सुमारे तीन अँगस्ट्रॉमवर स्थिरावतो. क्ष-किरणांच्या स्थिर लहरींनी मोजलेली उंची 3.04 अँगस्ट्रॉम आहे. एका ओळीच्या फरकाने भौतिकी बदलते, हे विद्यार्थ्यांना याहून चांगले दाखवता येईल असे उदाहरण माझ्याजवळ नाही. दोन्ही वेळा प्रणाली तितक्याच शांतपणे काम पूर्ण करते आणि शेवटी ‘जॉब डन’ असे छापते, हेही त्यांनी तेव्हाच पाहिलेले असते. ‘जॉब डन’ म्हणजे गणित संपले. उत्तर बरोबर आहे असा त्याचा अर्थ नाही.

नवख्यांचा धीर सुटतो तो मात्र त्याआधीच्या टप्प्यावर. प्रणाली घनतेचा एक अंदाज घेते, त्यावरून नवी घनता काढते, दोन्ही मिसळते आणि फरक नगण्य होईपर्यंत हे चक्र चालू ठेवते. पातळ धातूचा पत्रा आणि त्यावर मोठे निर्वात अशी रचना असली की परातीत पाणी घेऊन चालताना ते जसे या काठावरून त्या काठावर हेलकावते, तसा विद्युतभार वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे हेलकावू लागतो. आउटपुटमधील अचूकतेचा आकडा उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो, आणि शंभर फेऱ्यांनंतर प्रणाली थांबते. मूळची मिसळण्याची मात्रा 0.7 असते. ती 0.2 किंवा त्याहून खाली आणली आणि मिसळण्याची पद्धत ‘लोकल-टीएफ’ ठेवली की आमची बहुतेक कामे मार्गी लागली. हा उपाय मार्गदर्शिकेत आहे, पण तो शोधायचा कुठे हे कळायलाच विद्यार्थ्याचे दोन आठवडे जातात. मार्गदर्शिका प्रत्येक शब्दाचा अर्थ देते, मात्र कोणत्या रचनेला कोणता शब्द लागतो ते सांगत नाही, आणि माझ्या मते या प्रणालीची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

याच उणिवेमुळे आमच्या हातून झालेली एक चूक इथे नीट सांगते, कारण ती इतरांच्याही हातून होणार. ही प्रणाली प्रत्येक रचना तिन्ही दिशांना अनंत वेळा पुन्हा मांडते. रेणू पत्र्याच्या एकाच बाजूला असेल तर पत्र्याची एक बाजू दुसरीसारखी राहत नाही, दोन बाजूंची वर्क फंक्शन वेगवेगळी होतात, आणि पुनरावृत्तीच्या अटीमुळे निर्वातात एक खोटे विद्युतक्षेत्र तयार होते. ते घालवण्यासाठी निर्वातात मुद्दाम विद्युत विभवाची एक पायरी ठेवतात, तिला द्विध्रुव दुरुस्ती म्हणतात. पायरी कोठे ठेवायची ते ‘ईमॅक्सपॉस’ हा आकडा ठरवतो आणि तो दिला नाही तर प्रणाली 0.5, म्हणजे कोशिकेचा बरोबर मध्य, असे धरते. आमचा पत्रा चित्रात छान दिसावा म्हणून माझ्या विद्यार्थिनीने तो मध्यावरच ठेवला होता. पायरी निर्वातात पडण्याऐवजी चांदीच्या पोटात पडली. काम दोन दिवस चालले, संपले, शेवटी नेहमीची ओळ छापली गेली, आणि वर्क फंक्शनचा आकडाही अगदीच अशक्य वाटावा असा नव्हता.

चूक आलेखाने पकडून दिली. विभवाची प्रत्येक आडव्या प्रतलावरची सरासरी काढून ती उंचीसमोर मांडायची, एवढेच करायचे असते आणि त्यासाठी ‘अ‍ॅव्हरेज’ नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रणालीसोबतच येतो. चांदीच्या थरांच्या जागी खोल खळगे दिसतात, रेणूच्या जागी एक उथळ खळगा, आणि निर्वातात रेषा सपाट असायला हवी. आमची रेषा निर्वातात तिरपी होती. ती विद्यार्थिनी कागदावर पट्टी धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, इथे काहीच नाही, मग रेषा उतरते कशाला?” प्रश्न अगदी योग्य जागी होता. पत्रा खाली सरकवला, पायरी निर्वातात आणली, आणि बाहेरच्या क्षेत्राचा ‘ईअ‍ॅम्प’ हा आकडा, जो न दिल्यास शून्य धरला जात नाही, तो स्वतः शून्य लिहिला. मग दोन्ही बाजूंच्या रेषा सपाट झाल्या, रेणूच्या बाजूची रेषा खालच्या पातळीवर होती, आणि दोहोंमधला फरक सुमारे 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट होता. हा आलेख पाहिल्याशिवाय वर्क फंक्शनचा एकही आकडा वहीत लिहायचा नाही, असा नियम आम्ही त्या दिवसापासून केला आहे.

हा 0.3 चा फरक येतो कोठून, हे दाखवण्यात ही प्रणाली अतिशय उत्तम आहे. इथे मी हात आखडता न घेता तिचे कौतुक करते. एकत्र रचनेची घनता काढायची, तिच्यातून नुसत्या चांदीची आणि नुसत्या बेंझीनची घनता, अणू जागचे न हलवता, वजा करायची, आणि उरलेला फरक रंगांत पाहायचा. बेंझीन चांदीशी जवळजवळ कोणतीही देवाणघेवाण करत नाही. तरीही चित्रात रेणूच्या खाली इलेक्ट्रॉन कमी झालेला एक भाग आणि त्याच्याही खाली, धातूच्या अंगाला, इलेक्ट्रॉन वाढलेला भाग स्पष्ट दिसतो. स्वच्छ धातूचे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर थोडे सांडलेले असतात आणि तो सांडलेला भागच वर्क फंक्शन वाढवत असतो. रेणू वर येऊन बसला की त्याच्या भरलेल्या कक्षा त्या इलेक्ट्रॉनांना मागे रेटतात. या विषयातील लोक त्याला ‘पिलो इफेक्ट’ म्हणतात : डोके टेकले की उशी खाली दबते आणि बाजूंनी फुगते. जो परिणाम पुस्तकात दोन वाक्यांत संपतो, तो पडद्यावर फिरवून, कापून, आतून पाहता येतो.

त्याचे माप कागदावरही काढता येते आणि ते काढून घ्यावेच. आमच्या कोशिकेत एका बेंझीनला नऊ चांदीचे अणू, म्हणजे सुमारे 67 चौरस अँगस्ट्रॉम जागा मिळते. एवढ्या जागेत एक डिबायचा (डिबाय हे द्विध्रुवाच्या मापाचे एकक) द्विध्रुव उभा असेल तर वर्क फंक्शन सुमारे 0.56 इलेक्ट्रॉन-व्होल्टने बदलते. म्हणून 0.3 चा बदल म्हणजे प्रत्येक रेणूमागे साधारण अर्धा डिबाय. पाण्याच्या एका रेणूचा द्विध्रुव 1.85 डिबाय असतो. स्वतःचा द्विध्रुव शून्य असलेला बेंझीनसारखा रेणू निव्वळ टेकण्याने पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक द्विध्रुव उभा करतो, हे कागदावर आले की विद्यार्थ्यांचा त्या रंगीत चित्रावर विश्वास बसतो.

आता विश्वास कोठे ठेवू नये ते. घनता, उंची, वर्क फंक्शनमधील फरक, हे सगळे मूळ अवस्थेचे गुण आहेत आणि प्रणाली ते चांगले देते. पण ज्या उंबरठ्यापासून मी सुरुवात केली, तो होमो पातळीवरून ठरतो, आणि होमो मोजणे म्हणजे रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेणे. ती मूळ अवस्था राहत नाही. एकट्या बेंझीनमधून इलेक्ट्रॉन काढायला 9.24 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि जास्तीचा इलेक्ट्रॉन तो धरूनच ठेवत नाही, म्हणून त्याची खरी दरी, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधले अंतर, दहाहून अधिक आहे. पीबीईच्या पातळ्यांमधून वाचलेली दरी सुमारे पाच येते, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्याहून फसवी गोष्ट पुढे आहे. रेणू धातूजवळ आला की धातूचे इलेक्ट्रॉन त्याच्या भाराभोवती सरकून आधार देतात आणि खरी दरी आक्रसते. ग्रॅफाइटवरील बेंझीनसाठी ही घट सुमारे 3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याचे नीटन, हायबर्टसन आणि लुई यांनी 2006 मध्ये अधिक काटेकोर पद्धतीने दाखवले. पीबीईमध्ये मात्र रेणू दूर असो वा टेकलेला, दरी जवळपास तेवढीच राहते. एका चुकीने दरी आधीच कमी, दुसरीने घट गायब, त्यामुळे पृष्ठभागावरचा आकडा कधीकधी प्रयोगाच्या जवळ येऊन पडतो आणि विद्यार्थी आनंदाने जुळला म्हणून लिहितो. दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तर त्याला मी जुळणे म्हणू देत नाही.

रेणू धातूशी खरोखर जोडला जातो तेथे परिस्थिती बरीच बरी असते. पीटीसीडीए हा 38 अणूंचा चपटा, लाल रंगद्रव्याच्या कुळातला रेणू या क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. चांदीच्या याच पृष्ठभागावर त्याचे कार्बन 2.86 अँगस्ट्रॉमवर बसतात आणि सोन्यावर 3.27 वर. कार्बन आणि चांदी यांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची बेरीज 3.4 च्या आसपास भरते, म्हणजे चांदीवरचा रेणू नुसता टेकलेला नाही. फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात चांदीवर त्याची एरवी रिकामी असणारी लुमो, म्हणजे रिकाम्यांतली सर्वांत खालची, पातळी फर्मी पातळीखाली उतरून भरलेली दिसते आणि सोन्यावर तसे दिसत नाही. हा फरक गुणात्मक पातळीवर घनता-फलनाचे संगणनही दाखवते, कारण भार इकडून तिकडे जाणे ही घनतेचीच गोष्ट आहे.

तेवढे मोठे काम आमच्या संगणकावर होत नाही, हे स्पष्ट सांगते. चांदीवर पीटीसीडीएची खरी मांडणी घ्यायची तर एका कोशिकेत दोन रेणू आणि प्रत्येक थरात 33 चांदीचे अणू येतात, तीन थर धरले तरी 175 अणू आणि सुमारे 1370 इलेक्ट्रॉन. आमच्या 32 जीबीला ते पेलत नाही, त्यासाठी मोठ्या सामायिक संगणकावर वेळ मागावा लागतो. बेंझीन आणि 27 चांदीचे अणू मिळून 39 अणूंचे काम मात्र दोन-तीन दिवसांत पूर्ण होते.

नागपूरपुरती एक सूचना. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या वर गेला की आठही कोर रात्रंदिवस पूर्ण भाराने चालवलेला संगणक स्वतःहून वेग कमी करतो, आणि कूलरच्या दमट हवेच्या झोतात तो ठेवणे मला योग्य वाटत नाही. आम्ही उन्हाळ्यात सहाच कोर वापरतो आणि लांबची कामे पावसाळ्यानंतर लावतो. मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी वीज गेली आणि एका विद्यार्थ्याचे दोन दिवसांचे काम अर्ध्यावर तुटले. असे अचानक तुटलेले काम प्रणालीला सरळ पुढे नेता येत नाही. ती व्यवस्थित थांबली असेल तरच पुढून सुरू होते. म्हणून इनपुटमध्ये वेळेची मर्यादा घालून काम दर काही तासांनी स्वतःहून थांबेल आणि पुन्हा सुरू होईल असे करावे. आकाश भरून आलेले दिसले तर कामाच्या नावाला ‘एक्झिट’ जोडून त्या नावाची रिकामी फाइल तयार करावी, ती दिसताच प्रणाली सगळे जपून ठेवून थांबते. त्या विद्यार्थ्याचे सगळेच वाया गेले नाही, कारण आउटपुटमध्ये प्रत्येक टप्प्यावरची अणूंची स्थाने छापलेली असतात. शेवटची स्थाने उचलून त्याने दुसऱ्या दिवशी काम तेथून सुरू केले.

ज्या महाविद्यालयात एक बरा संगणक, लिनक्सची भीती नसलेला एक शिक्षक आणि आठवड्याला दोन तास बसून आलेख तपासण्याची तयारी आहे, त्यांनी ही प्रणाली निःशंक घ्यावी. ज्यांना उपकरणासाठी उंबरठ्याचा नेमका आकडा हवा आहे, त्यांनी हिच्या पातळ्यांवरून तो वाचू नये. आमच्याकडे या वर्षी बेंझीनच्या जागी पायरीडीन ठेवण्याचे काम चालू आहे. त्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन असतो आणि रेणूला स्वतःचा द्विध्रुव असतो, त्यामुळे तो आडवा बसतो की उभा यावर वर्क फंक्शनची घट ठरेल. आडव्या मांडणीचा आलेख परवा आला, निर्वातातली रेषा दोन्हीकडे सपाट आहे, आणि उभ्या मांडणीचे काम आज सकाळी लावले आहे.